सायकलची करकर आणि तेलाची बुधली

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सायकलच्या घरगुती देखभालीविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. चाकांत हवा किती असावी, साखळी कशी पुसावी, ब्रेकची रबरे केव्हा बदलावीत, हे लेखकाने सोप्या शब्दांत सांगितले आहे आणि त्यात खोट काढण्याजोगे मला काही आढळले नाही. शेवटच्या परिच्छेदाविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. सायकल करकरू लागली की साखळीपासून सीटच्या दांड्यापर्यंत सगळ्या जोडांवर तेल सोडावे म्हणजे आवाज थांबतो, अशा आशयाचा सल्ला तेथे एका वाक्यात देऊन लेखक मोकळे झाले आहेत. हा सल्ला नवा नाही. सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला तो कुणी ना कुणी दिलेलाच असतो, आणि मीही तो एकदा मानून चार महिने वाया घालवले आहेत. करकर बहुधा जेथून येते तेथे तेलाचे कामच नसते, एवढेच मला या पत्रातून सांगायचे आहे. पण ते पटेल असे सांगायचे तर थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

सायकलीचे जोड दोन जातींचे असतात. साखळीच्या कड्या, हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्यातले, छर्रे, पायडलाचा आस, पाय थांबले तरी चाक फिरू देणारे फ्रीव्हील हे भाग फिरण्यासाठीच घडवलेले आहेत. त्यांना तेल वा ग्रीस हवेच, आणि ते संपले की ते भाग आवाज करून तसे कळवतात. याउलट क्रँक, म्हणजे ज्याच्या टोकाला पायडल असते तो दांडा, आणि त्याचा आस, पायडलाचे आटे, सीटखालचा क्लॅम्प, फ्रेमच्या नळीत उतरलेला सीटचा दांडा, हँडल पकडून ठेवणारा स्टेम, चाकाचा आस ज्या खाचेत आवळला जातो ती खाच, हे जोड एकदा बसवले की जागचे हलू नयेत अशी अपेक्षा असते. करकर येते ती बहुतेक करून या दुसऱ्या जातीतून. जो भाग हलायचा नाही तो केसभर हलू लागला, की एकमेकांवर दाबलेले दोन कोरडे धातू घसटू लागतात. क्षणभर ते एकमेकांना धरून राहतात, जोर वाढला की सुटून किंचित सरकतात, पुन्हा धरतात, पुन्हा सुटतात, आणि ही धरसोड भराभर होत गेली की आपल्याला करकर ऐकू येते. व्हायोलिनची तार गजाखाली वाजते ती याच धरसोडीमुळे. तेथे राळ लावून ती मुद्दाम घडवून आणतात, एवढाच फरक. थांबलेल्या वस्तूला हलवायला लागणारा जोर ती सरकत असताना लागणाऱ्या जोराहून अधिक असू शकतो, हे फ्रेंच अभियंता कुलोम याने १७८१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळवणाऱ्या आपल्या प्रबंधात बारकाईच्या प्रयोगांनी तपासले होते. सायकल तेव्हा जन्मालाही आली नव्हती, पण तिच्या कुरकुरीचे कारण त्या प्रयोगांत आहे.

इतके घट्ट आवळलेले भाग हलतात तरी कसे, असा प्रश्न कुणालाही पडेल. आपण पायाने केवढा जोर लावतो याची आपल्याला कल्पना नसते, हे त्याचे उत्तर. ७० किलो वजनाचा माणूस चढावर सीटवरून उठून आडव्या क्रँकच्या एका पायडलावर सगळा भार टाकतो असे धरा. क्रँकची लांबी साधारण १७० मिलिमीटर असते, आणि ४४ दात्यांच्या पुढच्या चक्राची त्रिज्या सुमारे ८९ मिलिमीटर भरते. तरफेचा साधा हिशेब केला तर त्या क्षणी साखळीवर १३० किलोहून अधिक ओढ पडते. ही ओढ मागचे चाक खाचेतून पुढे खेचू पाहते, बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस ज्यात फिरतो आणि कारागीर ज्याला बीबी म्हणतात तो भाग, एका अंगाला वाकवू पाहते, आणि दुसरा पाय खाली गेला की पायाचा भार उलट बाजूला जातो. सपाट रस्त्यावर जोर यापेक्षा पुष्कळ कमी असतो हे खरे. पण मिनिटाला ६० फेऱ्या मारणारा माणूस तासाभरात दोन्ही पायांचे मिळून ७,२०० दाब देतो. एवढ्या हेलकाव्यांत एखादा बोल्ट पाव फेरा सैल पडला किंवा एखाद्या नळीतले ग्रीस पावसाने धुऊन गेले, तर नवल ते काय?

आता अशा जोडावर बाहेरून तेल सोडले की काय होते ते पाहू. पातळ तेल फटीतून आत झिरपते आणि कोरडे पृष्ठभाग ओले होऊन आवाज थांबतो. येथेच माणूस फसतो, कारण उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. जोड मात्र सैल होता तसाच सैल राहतो, आता फक्त मुकाट्याने हलतो. शिवाय ते तेल आतले जुने जाड ग्रीस पातळ करून बाहेर काढते, त्यावर धूळ बसते, धुळीचा आणि तेलाचा मिळून घासकागदासारखा लेप तयार होतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी करकर परत येते ती आधीपेक्षा मोठ्याने. चौकोनी आसावर बसणारा ॲल्युमिनियमचा क्रँक सैल अवस्थेत चालवला तर त्याचे चौकोनी भोक पोलादी आसावर घासून वाकडेतिकडे होते, आणि मग तो कितीही आवळला तरी पुन्हा घट्ट बसत नाही. ज्या आवाजाने हे नुकसान टाळता आले असते, तोच आवाज तेलाने बंद केलेला असतो. चाकाच्या आसावर तेल सोडताना ते रिमवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर उडाले तर काय होईल, हे मूळ लेखात सांगायला हवे होते. ब्रेक लागत नाही! डिस्कच्या पॅडमध्ये तेल एकदा मुरले की ते पॅड बहुधा बदलावेच लागतात.

साखळीची गोष्ट वेगळी आहे हे मी आनंदाने मान्य करतो. कोरडी साखळी तेलच मागते, आणि त्या तेलाने खरोखर गुण येतो. पण कोरडी साखळी करकरत नाही, ती चिवचिवते.

या फरकाकडे मी संपादक महोदयांचे आणि वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो, कारण आवाजांच्या बाबतीत मराठी भाषा फार श्रीमंत आहे आणि सायकलीचे दुखणे ओळखताना ही श्रीमंती प्रत्यक्ष कामाला येते. सायकल आवाज करते, एवढे सांगून कारागिराला काहीच कळत नाही. खुळखुळ म्हणजे काहीतरी सुटे आहे आणि त्याच्यावर भार नाही: व्हॉल्व्हची चकती, मडगार्डची तार, बाटलीचा पिंजरा. खडखड म्हणजे तेच, पण मोठे आणि रस्त्याच्या खड्ड्यांना जाब देणारे. घरघर किंवा खरखर हात लावल्यावर जाणवत असेल तर छर्रे वा त्यांच्या वाट्या झिजल्या आहेत. खसखस असा दर फेरीला एकदा येणारा आवाज बहुधा आऊट झालेल्या चाकाचा, रिम ब्रेकच्या रबराला घासत असल्याचा. चिवचिव कोरड्या साखळीची किंवा गिअरच्या छोट्या फिरत्या चाकांची. ठक असा एकच जाड ठोका, तोही पाय खाली जाताना, म्हणजे कुठेतरी जागा झाली आहे आणि ती भरून निघताना धातूवर धातू आपटतो आहे. जुन्या धाटणीच्या सायकलींत ही जागा बहुधा कॉटरची, म्हणजे क्रँक आसावर पक्का करणाऱ्या पाचरेची, असते. आणि करकर, कुरकुर, कचकच हे सगळे दाबाखालचे आवाज: भार आहे, जोड आवळलेला आहे, पण पुरता नाही. आपला आवाज यांतला कोणता, हे नीट ऐकून ठरवले की निम्मे संशयित तेथेच सुटतात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्या सायकलीत उजवे पायडल खाली जाताना पायाजवळून करकर येत असे. आवाज पायाशी येतो, दर फेरीला एकदा येतो, तेव्हा तो बीबीचा किंवा पायडलाचा असणार, असे मी ठरवून टाकले. आधी अर्थातच तेल सोडले. दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच. पायडले काढून, आटे पुसून, ग्रीस लावून परत बसवली; फरक नाही. पुढच्या चक्राचे पाचही बोल्ट आवळले, फरक नाही. शेवटी एका कारागिराकडून बीबी नवी बसवून घेतली, जुनी हातात घेऊन फिरवली तर ती लोण्यासारखी फिरत होती, आणि नवी बसवून निघालो तर पहिल्याच चढावर करकर माझ्यासोबत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्या दिवशी वैतागून मी सीटवरून उठून पायडल मारू लागलो आणि आवाज बंद पडला. बसलो, आवाज. उठलो, शांतता. चार महिने मी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत होतो ते सायकलीने मला रोज दिले होते, मी फक्त चढावर कधी उठत नव्हतो.

घरी येऊन सीटचा दांडा उपसून काढला. उंची चुकू नये म्हणून फ्रेमच्या कडेशी दांड्यावर आधी चिकटपट्टी लावली होती. दांडा बाहेर आला तेव्हा त्याच्यावर ग्रीसचा मागमूस नव्हता. बारीक वाळू मिसळलेली राखाडी पूड त्याला चिकटली होती, आणि कॉलरच्या, म्हणजे दांडा आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या, जरा खाली, मागच्या बाजूला, नखाएवढा एक चंद्रकोरीच्या आकाराचा डाग आरशासारखा चकचकत होता. तेवढीच जागा रोज घासत होती. उजवा पाय दाबला की बूड किंचित डावीकडे झुकते, दांडा नळीत तेवढाच मुरडतो आणि त्या डागावर करकरतो. म्हणून आवाज पायडलाच्या तालावर येत होता आणि पायडलाशी त्याचा संबंध नव्हता. नळी आतून काठीला गुंडाळलेल्या फडक्याने पुसली, दांडा पुसला, ग्रीसचा पातळ थर दिला, कॉलरचा बोल्ट काढून त्याचे आटे आणि डोक्याखालची बाजूही साफ करून ग्रीस लावून आवळली. वीस मिनिटांचे काम. आवाज गेला तो आजतागायत आलेला नाही. ग्रीस लावले म्हणजे शेवटी तेलाचाच प्रकार झाला, असे कुणी म्हणेल, म्हणून सांगतो: गुण ग्रीसइतकाच जोड उघडण्याचा, पुसण्याचा आणि योग्य जोराने पुन्हा आवळण्याचा आहे. बुधलीच्या नळीतून यातले एकही होत नाही.

आवाज पायाशी आणि दोष सीटखाली, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे का होते? सायकलची फ्रेम म्हणजे एकमेकींना जोडलेल्या पोकळ नळ्या. एका टोकाला उमटलेला कंप त्या नळ्यांतून क्षणात दुसऱ्या टोकाला जातो आणि नळी त्याला घुमवते. शिवाय आपण वरून, वाऱ्यात, मान खाली घालून ऐकत असतो. त्यामुळे आवाजाची जागा सांगण्याच्या कामी कान जवळजवळ निरुपयोगी आहे. आवाजाची वेळ आणि अट सांगण्याच्या कामी मात्र तोच कान फार विश्वासू आहे. शोध घ्यायचा तो या दोहोंवर.

वेळ म्हणजे ताल. पायडलाच्या प्रत्येक फेरीला एकदा, तेही ठरावीक जागी आवाज येतो का? मग पायडल, क्रँक, बीबी, पुढचे चक्र, आणि माझ्या अनुभवावरून सीट व हँडलही. त्याहून जलद येतो का? ४४ आणि १६ दात्यांच्या जोडीवर पायडलाच्या एका फेरीत चाक पावणेतीन वेळा फिरते, तेव्हा असा आवाज चाकाचा: तारा, आस, टायर, व्हॉल्व्ह. पायडलाच्या सुमारे अडीच फेऱ्यांनी एकदा येतो का? तो साखळीचा समजावा. ११२ कड्यांची साखळी ४४ दात्यांवरून पूर्ण एकदा जायला अडीच फेऱ्यांहून थोडे जास्त लागतात, आणि तिच्यातली एकच कडी जाम असेल तर ती तेवढ्या अंतराने ओरडते. अशी कडी शोधायला साखळी उलट हळूहळू फिरवावी आणि मागच्या बाजूने निघताना कोणती कडी सरळ न होता वाकडीच राहते ते पाहावे. मोजणे अवघड वाटत असेल तर टायरला आणि साखळीच्या एका कडीला खडूची खूण करावी आणि आवाजाच्या क्षणी खूण कुठे आहे ते सोबतीच्या माणसाला पाहायला सांगावे.

अट म्हणजे आपण काय करत असताना आवाज येतो आणि काय केल्यावर थांबतो. पायडल न मारता उतारावर नुसते जाऊ दिले तरी आवाज राहतो का? राहत असेल तर पायडल, क्रँक आणि साखळी यांवरचा संशय बराच कमी होतो. सीटवरून उठल्यावर थांबतो का? एकाच पायाने मारले तर? हँडलवरून हात नुसते टेकवले, ओढ काढून घेतली, तर? मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी दहा मिनिटांत ही सगळी परीक्षा होते, आणि पाना अजून पिशवीतच असतो. नंतरची परीक्षा उभ्या सायकलीची. सायकल भिंतीला टेकवून, दोन्ही ब्रेक दाबून, क्रँक आडवा ठेवून पायडलावर पायाने हळूहळू भार द्यावा आणि काढावा; त्याच वेळी दुसऱ्याने बोटाचे टोक एकेका जोडाच्या फटीवर ठेवत जावे. हलणारा जोड बोटाला कळतो. कानाला जे सापडत नाही ते बोटाला सापडते, याचा मला अजून अचंबा वाटतो. हँडलची परीक्षा याहून सोपी आहे: पुढे उभे राहून चाक दोन गुडघ्यांत धरावे आणि हँडलची दोन्ही टोके आळीपाळीने खाली दाबावीत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवल्यावर गळ्याशी ठक असे जाणवले तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळते तो गळ्यातला जोड, सैल आहे.

पायडलाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण संशयितांत त्याचा नंबर वर लागतो आणि त्याच्याशी झटापट करताना नवखे लोक आटे बिघडवून बसतात. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. उजवे पायडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट होते, डावे त्याच्या उलट. पायडल मारताना आसावर फिरता दाब येतो आणि तो आस आट्यांत हळूहळू विरुद्ध दिशेने सरकू पाहतो. त्या सरकण्याने तो सुटण्याऐवजी घट्टच राहावा म्हणून ही योजना. आटे पुसून, ग्रीस लावून, आधी हातानेच तीन-चार फेरे बसवावेत आणि मगच पाना लावावा. बहुतेक पायडलांना ३५ ते ४० न्यूटन-मीटर जोर लागतो. घरी मापाचा पाना नसेल तर २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १८ ते २० किलोंचा दाब, एवढे ध्यानात ठेवले तरी चालते. माझ्या पाहण्यात लोक याच्या निम्म्यानेही आवळत नाहीत आणि मग बीबीला दोष देतात. खुद्द बीबीच्या वाट्या उघडण्याचा विचार असेल, तर बहुतेक सायकलींत उजवीकडच्या वाटीचे आटे उलटे असतात, इटालियन धाटणीच्या फ्रेममध्ये मात्र दोन्ही बाजू सुलट्या, हे आधी तपासावे. आट्यांशिवाय नुसत्या दाबून बसवलेल्या बीबी करकरीसाठी बदनाम आहेत आणि ती बदनामी सर्वस्वी खोटी नाही. पण त्या काढायला खास अवजार लागते, घरी हातोडा घेऊन बसू नये.

कॉटरच्या क्रँकविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॉटर ठकठकू लागली की माणसे तिचा नट आवळत सुटतात. तो नट कॉटरला जागेवर राखण्यासाठी असतो. ती पाचर आहे, आणि पाचर दाबून वा ठोकूनच बसते. ठोकतानाही क्रँकला खालून भक्कम टेकू द्यावा लागतो, नाहीतर तो मार छर्‍यांवर जातो. नुसता नट आवळत राहिले तर त्याचे आटे जातात आणि कॉटर तिथल्या तिथेच.

ज्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही असा संशयित म्हणजे मागच्या चाकाची खाच. तेथून येणारी करकर इतकी हुबेहूब बीबीसारखी ऐकू येते की अनुभवी कारागीरही चकतात. म्हणून बीबीला हात लावण्यापूर्वी मागचे चाक एकदा काढावे, खाचेच्या दोन्ही बाजू आणि आसाची टोके फडक्याने पुसावीत, ग्रीसचे बोट फिरवावे आणि चाक सरळ बसवून पुन्हा आवळावे. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटे. चाकाच्या तारा जेथे एकमेकींवरून जातात तेथेही कधी कधी किणकिण-करकर येते. जवळच्या दोन-दोन तारा हातात घेऊन दाबत गेल्यास ती लगेच ओळखू येते, आणि तारांचा ताण बरोबर असूनही आवाज येत असेल तर त्या छेदावर तेलाचा एक थेंब देणे हा योग्य उपाय आहे. म्हणजे साखळीखेरीज मूळ लेखकाचे म्हणणे एवढ्या एका जागी मला मान्य आहे.

काही पथ्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि चालवून पाहावी. एकदम पाच जोड उघडले आणि आवाज गेला तर दोषी कोण होता ते कळत नाही, आणि तो परत आला की पुन्हा पाचही उघडावे लागतात. कार्बनच्या दांड्याला किंवा हँडलला ग्रीस लावू नये, त्यासाठी खरखरीत कणांची वेगळी पेस्ट मिळते. सीटच्या दांड्यावरची कमीत कमी आत राहण्याची खूण नळीबाहेर दिसता कामा नये. छोट्या बोल्टना जोर बेताचाच लागतो, सीटच्या कॉलरला किंवा स्टेमला बहुधा ५-६ न्यूटन-मीटर, आणि हा आकडा पुष्कळदा त्या भागावरच कोरलेला असतो. करकर थांबेना म्हणून रागाने बोल्ट पिळत राहणे हा तेलाइतकाच वाईट उपाय आहे. त्यात बोल्ट तरी तुटतो किंवा नळी तरी चेपते.

कधी कधी सायकल निर्दोष असते. बुटाच्या नाडीचे प्लॅस्टिकचे टोक दर फेरीला क्रँकवर टिकटिकते, खिशातली किल्ली मांडीच्या तालावर वाजते, गिअरच्या तारेचे लांब राहिलेले टोक टाचेला लागते. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी अर्धी सायकल खोलल्यावर आवाज त्यांच्या गुडघ्यातून येतो असे निष्पन्न झाले. तेथे पाना चालत नाही.

मात्र सगळे जोड पुसले, आवळले, तालाची परीक्षा झाली आणि तरीही आवाज जात नसेल, किंवा दिवसेंदिवस वाढत असेल, तर धातूला तडा गेल्याची शंका घेतलीच पाहिजे. माझ्या एका सोबत्याच्या सायकलीत डाव्या बाजूने पंधरा दिवस बारीक टिक असा आवाज येत होता. आम्ही दोघांनी पायडल काढून बसवले, उपयोग झाला नाही. शेवटी क्रँक पांढऱ्या फडक्याने पुसताना पायडलाच्या भोकापासून निघालेली एक काळी बारीक रेघ दिसली. आधी वाटले केस चिकटला आहे. नखाने काढू गेलो तर निघेना. तो तडा होता, आणि त्यात मुरलेल्या मळामुळे तो काळा दिसत होता. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद कितीही वेळा सोसू शकते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत अशी निश्चित मर्यादा सांगता येत नाही, त्याला प्रत्येक हेलकावा थोडा थोडा थकवत जातो. म्हणून क्रँकचे पायडलाजवळचे टोक, सीटच्या दांड्याचे डोके, फ्रेममधल्या सीटच्या नळीची वरची चीर, बीबीच्या मागच्या नळ्यांचे जोड आणि पुढच्या गळ्याखालचा सांधा एवढ्या जागा उजेडात, स्वच्छ पुसून पाहाव्यात. रंगावरची रेघ नखाला अडकत असेल, किंवा पोलादी फ्रेमवर तिच्या कडेने गंज फुटला असेल, तर ती सायकल त्या क्षणापासून चालवू नये. आवाज आहे म्हणून हे पाहण्याची बुद्धी होते. तेलाने तो काही दिवस दबला असता, तर तो क्रँक माझ्या सोबत्याच्या पायाखाली, बहुधा चढावर उभा असतानाच, तुटला असता.

तेव्हा आपणास विनंती आहे की पुढच्या रविवारी त्या लेखातील शेवटच्या वाक्याची दुरुस्ती छापावी: तेल साखळीला द्यावे, आणि तेही पुसून; इतर जोड उघडून, साफ करून, ग्रीस लावून आवळावेत; आणि चाकाजवळ तेल वापरताना रिम व डिस्क फडक्याने झाकावीत. जागेच्या अडचणीमुळे तिन्ही गोष्टी छापणे शक्य नसेल, तर ब्रेकविषयीची तेवढी अवश्य छापावी, कारण तो लेख वाचून या आठवड्यात कुणीतरी बुधली घेऊन सायकलीपाशी बसले असेल.

कळावे,
आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक